गुरांच्या मरतुकीचा हिशेब

एखाद्या पशुपालकाची शंभर गुरे एका रात्रीत दगावली, तर सरकारने त्याला काय द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा भासतो. गुरांची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम त्याच्या हाती ठेवावी, असे कोणीही सांगेल. परंतु गूर म्हणजे धान्याचे पोते नव्हे. त्याची आजची किंमत उद्या राहत नाही. गाय गाभण असेल तर तिच्या पोटात पुढच्या वर्षीचे उत्पन्न असते. आणि मेल्यावर ते पुराव्यादाखल फार दिवस ठेवताही येत नाही. सरकारी मदत आणि पशुपालकाचे नुकसान ह्यांची गाठ जेथे पडते, तेथे ह्या साध्या गोष्टी मोठ्या अडचणीच्या होऊन बसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण डकोटा राज्यात २०१३ च्या ऑक्टोबरात जे घडले, त्यावरून हे चांगले ध्यानात येते.

मिसुरी नदीने दक्षिण डकोटाचे दोन भाग केले आहेत. नदीच्या पूर्वेस मका आणि सोयाबीन ह्यांची शेती आहे. पश्चिमेस पाऊस कमी, जमीन उंचसखल, आणि नजर पोहोचेल तेथवर गवताचा माळ. हा प्रदेश नांगराचा नव्हे, गुरांचा. ह्याच भागात मीड काउंटी आहे. काउंटी म्हणजे तिकडील स्थानिक कारभाराचा घटक. आपल्याकडील जिल्ह्याशी त्याची तुलना करता येईल, पण केवळ क्षेत्रापुरती. मीड काउंटीचे क्षेत्र सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याहून थोडेसेच कमी. सातारा जिल्ह्यात २०११ च्या गणतीनुसार ३० लाख लोक राहत होते. मीड काउंटीत २०१० साली अवघे २५ हजार. त्यांतलेही बहुतेक स्टर्जिस ह्या मुख्य ठिकाणी व पश्चिमेकडील डोंगरकडेच्या वस्त्यांत. उरलेल्या विस्तीर्ण माळावर घरापासून घर काही मैलांच्या अंतरावर, आणि मधे काटेरी तारांची कुंपणे व गुरे.

ह्या गुरांचे वर्ष ठरलेले असते. वसंतात वासरे जन्मतात, उन्हाळाभर आईबरोबर दूरच्या कुरणात चरतात, आणि पानगळीच्या दिवसांत बाजारात जातात. वासरांच्या विक्रीतून येणारा पैसा हेच बहुतेक कुटुंबांचे वर्षाचे एकमेव उत्पन्न. त्याच सुमारास गाई पुन्हा गाभण असतात. थंडी जवळ आली की कळप घराजवळच्या आडोशाच्या कुरणात आणले जातात. २०१२ साली ह्या प्रदेशात कडक दुष्काळ पडला होता. वैरण मिळेना म्हणून अनेकांनी कळप कमी केले होते. २०१३ साली मात्र पाऊस बरा झाला, ऑक्टोबर उजाडला तरी माळ हिरवा होता, आणि म्हणूनच गुरे अद्याप उन्हाळी कुरणांतच होती. त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली नव्हती.

३ ऑक्टोबरला पाऊस सुरू झाला. तो गुरांच्या कातडीपर्यंत मुरला. मग त्याचे बर्फ झाले आणि ताशी साठ मैलांहूनही अधिक वेगाचे वारे सुटले. ५ तारखेस वादळ ओसरले तेव्हा रॅपिड सिटी शहरात सुमारे दोन फूट आणि डोंगरातील लीड ह्या गावी साडेचार फूट बर्फ साचले होते. एका हवामान-वाहिनीने ह्या वादळास ‘अ‍ॅटलस’ असे नाव दिले व तेच पुढे रूढ झाले. वादळात गूर वाऱ्याकडे पाठ करून चालू लागते, आणि आडोसा मिळेपर्यंत किंवा दमून पडेपर्यंत चालत राहते. त्या दोन दिवसांत कळपच्या कळप मैलोगणती असे वाहवत गेले. काही घळींत उतरले आणि तेथेच बर्फाखाली गेले. काही पाणवठ्यांत बुडाले. काही कुंपणाशी एकमेकांवर रचल्यासारखे पडले. एका मालकाची गाय दुसऱ्याच्या, क्वचित तिसऱ्याच्या कुरणात मरून पडलेली आढळली. चिखलामुळे कित्येक ठिकाणी पोहोचण्यासच काही दिवस लागले.

किती गुरे मेली, ह्याचा निश्चित आकडा त्या वेळी कोणापाशीच नव्हता. आरंभी काही वृत्तांतून एक लाखाचा अंदाज छापून आला. राज्याच्या पशु-उद्योग मंडळाकडे महिनाअखेरपर्यंत प्रत्यक्ष कळवली गेलेली मेलेली गुरे मात्र सुमारे चौदा हजार होती. असे कळवणे ऐच्छिक होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सोसलेले नुकसान आणि नोंदलेले नुकसान ह्यांत केवढे अंतर पडू शकते, ते ह्या दोन आकड्यांवरून कळेल. सरकारी मदत नोंदलेल्या नुकसानीलाच मिळते.

अशा प्रसंगासाठी अमेरिकेत एक स्थायी योजना होती. पशुहानी-भरपाई योजना असे तिचे वर्णन करता येईल. नैसर्गिक आपत्तीत नेहमीपेक्षा अधिक गुरे मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मालकास द्यावी, असा तिचा गाभा. हा विमा नव्हे. त्यासाठी आधी हप्ता भरावा लागत नाही. २००८ च्या कृषिविषयक कायद्याने ती योजना कायम स्वरूपाची म्हणून घातली गेली खरी, पण त्या कायद्यातच तिची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजी संपत होती. त्यानंतरच्या हानीसाठी निधी नव्हता. दर पाच वर्षांनी होणारा तो कृषिकायदा अमेरिकेत एकटा येत नाही. गरिबांना अन्न विकत घेण्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्यही त्याच कायद्यात असते. त्या साहाय्यात किती कपात करावी, ह्यावर दोन पक्षांचे एकमत होईना, आणि जून २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहात नवा मसुदा फेटाळला गेला. शहरातील गरिबांच्या अन्नावरून चाललेल्या वादात माळावरच्या गुरांची तरतूद अशी अडकून पडली होती. २०१२ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी जी मदत मिळावयाची, तीही ह्याच कारणाने मिळाली नव्हती.

ह्यात भर म्हणजे १ ऑक्टोबर २०१३ पासून अंदाजपत्रकाच्या तंट्यामुळे केंद्रसरकारचे बहुतेक कामकाजच बंद पडले. कृषिखात्याची काउंटी-कार्यालये, जेथे पशुपालकाने जाऊन आपली हानी नोंदवावयाची, त्यांना कुलुपे लागली. वादळ ३ तारखेचे. कार्यालये उघडली १७ तारखेस. मधले दोन आठवडे मेलेली गुरे माळावर पडून होती, आणि ती पाहावयास, मोजावयास किंवा निदान काय करावे हे सांगावयास सरकारचा अधिकृत माणूस नव्हता.

तथापि कलेवरे वाट पाहत नाहीत. रोगराई पसरू नये म्हणून मेलेले जनावर लवकर पुरले वा जाळले पाहिजे, असा राज्याचा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. शेजारच्या पेनिंग्टन काउंटीत ह्यासाठी मोठाले खड्डे खणण्यात आले. पण पुरलेल्या गुराचा पुरावा पुढे कसा द्यावयाचा? कायदा नाही, निधी नाही, कार्यालय बंद. आणि तरीही उद्या कधी कायदा झालाच तर लागेल म्हणून आज पुरावा गोळा करावयाचा, असा विलक्षण प्रसंग ह्या लोकांवर आला. विद्यापीठाच्या कृषिविस्तार-सेवेकडून आणि पशुपालकांच्या संघटनांकडून सल्ला आला तो असा, की प्रत्येक मेलेल्या गुराचे छायाचित्र काढा, त्यावर तारीख येऊ द्या, कानातील बिल्ल्याचा क्रमांक व अंगावरील डागणी टिपून घ्या, आणि शेजाऱ्यास बोलावून त्याच्याकडून मोजणी करवून घ्या. मिसुरीच्या पश्चिमेस गुरांना तापल्या लोखंडाने मालकाची खूण डागण्याची जुनी चाल आहे, आणि विक्रीच्या वेळी त्या खुणेची सरकारी तपासणी होते. तीन कुरणे ओलांडून पडलेली गाय कोणाची, हे ओळखावयास ह्या वेळी त्या डागणीचाच आधार झाला.

वडिलांच्या हाताखाली ज्या कळपाची पैदास शिकली, तोच कळप घळीत पडलेला असताना वही-पेन्सिल आणि कॅमेरा घेऊन त्याच्यामधून फिरणे हे काम सोपे नव्हे. मदतीच्या योजनांची चर्चा करताना ह्या कामाचा विचार सहसा होत नाही. पुराव्याची गरज कोणी नाकारणार नाही. करदात्यांचा पैसा वाटावयाचा तर तपासणी हवीच. पण माणूस पुरावा द्यावयास सर्वांत कमी समर्थ असतो, नेमका त्याच घटकेस तो त्याच्याकडून मागितला जातो.

पुरावा तपासणारेही परके नसतात. कृषिखात्याच्या ह्या कार्यालयावर काउंटीतील शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती असते. ही पद्धत १९३० नंतरच्या मंदीच्या काळापासून चालत आली आहे. मालकाचा अर्ज खरा की खोटा, ह्याचा निर्णय त्याचेच शेजारी करतात. कोणाकडे किती गुरे होती हे त्यांना ठाऊक असते, हा त्यातला गुण. आणि उद्या त्याच माणसाकडे कुंपण सांधावयास हात मागावा लागणार, ही त्यातली अडचण. म्हणून नियम असा, की साक्ष देणारा मनुष्य अर्जदाराचा नातलग किंवा नोकर नसावा, आणि केवळ मेलेली गुरे दाखवून भागत नाही, वादळापूर्वी कळपात किती गुरे होती तेही दाखवावे लागते. बँकेच्या कर्जाचे कागद, पशुवैद्याने लस टोचल्याच्या नोंदी, विक्रीच्या पावत्या अशा गोष्टी येथे कामी येतात. ज्याने हिशेब टापटिपीने ठेवला त्याचे निभावते. सारा कळप ज्याच्या डोक्यात आहे, अशा जुन्या वळणाच्या माणसाचे अवघड होते.

सरकार थांबले तरी लोक थांबले नाहीत. राज्यातील पशुपालक-संघटनांनी मिळून साहाय्यनिधी उघडला आणि त्यात लाखो डॉलर जमले. शेजारच्या मोंटाना राज्यातून व अन्यत्र कित्येकांनी रोख पैशाऐवजी आपल्या कळपातील गाभण कालवडी पाठवल्या. ह्या दानामागची समज विलक्षण होती. ज्याचा कळप गेला त्याला पैशापेक्षाही पुढच्या वसंतात होणारे वासरू हवे असते, हे दुसऱ्या पशुपालकाला सांगावे लागत नाही.

गुरांसाठी सरकारने पैसा मोजावा ही कल्पना ह्या माळाला नवी नव्हती. १९३४ च्या भीषण दुष्काळात केंद्रसरकारने भुकेने मरू घातलेली गुरेच विकत घेतली. एका मोठ्या गुराला जास्तीत जास्त २० डॉलर मिळत. जी खाण्याजोगी होती ती डबाबंद मांस होऊन बेकारांच्या घरी गेली. जी नव्हती ती जागच्या जागी गोळी घालून पुरण्यात आली. देशभर सुमारे ८३ लाख गुरे अशी खरेदी झाली. त्या व्यवहारात एक बारकाईची तरतूद होती. दिलेल्या किमतीचे दोन भाग करत. एक भाग गुरे ज्याच्याकडे तारण असतील त्या सावकारास किंवा बँकेस जाई, पण दुसऱ्या भागावर तिचा हक्क नसे, तो मालकाच्याच हाती पडे. सरकारी मदत कर्जात पूर्णपणे बुडून जाऊ नये ही काळजी त्या कायदेकारांनी घेतली होती, आणि त्या घाईगर्दीच्या काळात ती सुचली हे विशेष.

नवा कृषिकायदा अखेर झाला, तो ७ फेब्रुवारी २०१४ रोजी. त्याने पशुहानी-भरपाई पुन्हा सुरू केली, ह्या वेळी मुदतीशिवाय. आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या सर्व हानीला ती मागे जाऊन लागू केली. १५ एप्रिल २०१४ पासून अर्ज घेतले जाऊ लागले. वादळानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. मधल्या हिवाळ्यात बँकेचे हप्ते आले, वैरणीचा खर्च झाला, आणि वासरे विकून येणारा पैसा ज्यांच्याकडे आला नव्हता त्यांना उरलेले कळप राखावयाचे की मोडावयाचे हे आपापल्या हिंमतीवर ठरवावे लागले. छायाचित्रे आणि साक्षी ज्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या आता कामी आल्या.

प्रत्यक्ष हिशेब कसा होतो ते पाहू. समजा, एखाद्याकडे २०० गाई होत्या आणि ४० मेल्या. दर वर्षी रोगाने, म्हातारपणाने, अपघाताने काही गाई मरतातच; ती नित्याची मरतूक प्रथम वजा होते. ती शेकडा दोन धरली तर चार गाई गळल्या, उरल्या छत्तीस. आता प्रत्येकीला कृषिखात्याने त्या वर्षासाठी ठरवलेली एकच एक रक्कम, सरासरी बाजारभावाच्या पाऊण. गुरे प्रकाराप्रमाणे आणि वजनाप्रमाणे वर्गांत विभागलेली असतात. वंशावळ पाहिली जात नाही. वीस-तीस वर्षे निवडून-निवडून जोपासलेल्या पैदाशीची गाय आणि गेल्या आठवड्यात बाजारातून आणलेली गाय ह्या यादीत सारख्याच. सरकारला ह्याहून निराळे करता येणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. ह्या रकमेवर पुन्हा प्राप्तीकर लागतो. उलट, घरच्याच कळपात जन्मून वाढलेल्या गाईला खरेदीची किंमतच नसल्यामुळे तिच्या मृत्यूचा तोटा कराच्या हिशेबात दाखवता येत नाही. शिवाय एका माणसाला एका वर्षात चारा, पशुहानी वगैरे योजनांतून मिळून १,२५,००० डॉलरांहून अधिक देऊ नये अशी मर्यादा होती. कळप जितका मोठा आणि हानी जितकी संपूर्ण, तितकी ही मर्यादा अधिक जाचक ठरे.

परंतु सर्वांत मोठी तूट ह्याहून वेगळ्या ठिकाणी होती. ऑक्टोबरात मेलेल्या गाईबरोबर तिच्या पायांशी चरणारे, विकावयास निघालेले वासरू गेले, आणि तिच्या पोटातील पुढील वसंताचेही गेले. पहिल्याची भरपाई मिळे. दुसरे कोणत्याच वर्गात बसत नसे. नवी कालवड आणून, वाढवून, तिला पहिले वासरू होऊन ते विकण्याजोगे होईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. तेवढी वर्षे जमीन असते, कुंपण असते, कर्ज असते, वासरू नसते.

दुष्काळाची गोष्ट निराळी. त्यात गूर मेल्याचे सिद्ध करावे लागत नाही. सिद्ध करावयाचे ते गवत वाळल्याचे, आणि ते काम एका नकाशावर सोपवलेले आहे. नेब्रास्का विद्यापीठातील केंद्र आणि सरकारची दोन खाती मिळून १९९९ पासून दर आठवड्याला देशाचा दुष्काळ-नकाशा प्रसिद्ध करतात. २०१४ च्या कायद्यानुसार, चराईच्या हंगामात काउंटीच्या कोणत्याही भागावर सलग आठ आठवडे ‘तीव्र’ दुष्काळाचा रंग राहिला की साऱ्या काउंटीतील पशुपालक महिन्याच्या वैरणखर्चाच्या ६० टक्क्यांच्या मदतीस पात्र होत. दुष्काळ अधिक उग्र असेल तर अधिक महिन्यांची मदत. अर्ज सोपा, तपासणी थोडी, पैसा लवकर. मात्र मीडसारख्या काउंटीत एका टोकाला पाऊस पडून दुसरे कोरडे राहणे नवलाचे नाही, तेव्हा हिरव्या कुरणाच्या मालकासही मदत मिळते. आणि काउंटीच्या सीमेपलीकडे, एकाच कुंपणाच्या दुसऱ्या बाजूस, तितक्याच वाळल्या गवताच्या मालकास ती मिळत नाही. वादळाच्या मदतीत पुराव्याची जाचक बारकाई, तर दुष्काळाच्या मदतीत हा ढोबळपणा. दोहोंपैकी पशुपालक ढोबळपणाच पसंत करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

२०१४ साली २०१२ च्या दुष्काळाची मदतही अशीच मागाहून मिळाली. पण वैरणीअभावी ज्यांनी २०१२ सालीच गाई विकून टाकल्या होत्या, त्यांना दोन वर्षांनी आलेल्या वैरणीच्या पैशाने त्या गाई परत मिळाल्या नाहीत.

पुढे नियमांत सुधारणा होत गेल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये झालेल्या कायद्याने पशुहानी-भरपाईवरील १,२५,००० डॉलरांची मर्यादा काढून टाकली. जुलै २०२५ च्या कायद्याने दुष्काळ-मदतीसाठी लागणारी आठ आठवड्यांची अट पहिल्या महिन्याच्या रकमेपुरती चार आठवड्यांवर आणली. त्याच कायद्याने गाभण जनावर मेल्यास त्याच्या पोटातील पिलासाठीही पूरक रक्कम देण्याची तरतूद प्रथमच केली. ही तरतूद १ जानेवारी २०२४ पासूनच्या मृत्यूंना लागू आहे. २०१३ च्या त्या दोन दिवसांत मीड काउंटीच्या घळींत ज्या गाई गाभणपणी मेल्या, त्या तिच्यात बसत नाहीत.